आईचं वजन, बाळाची वाढ : शहापूर-मुरबाडसाठी एक कृती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गरोदर बाईच्या वजनाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येते ती रोडावलेली, रक्त कमी असलेली बाई. ते चूक नाही. डोळखांब, टोकावडे भागातल्या पाड्यांवर चाळीस किलोच्या आतबाहेर वजन असलेली गरोदर बाई आजही नवलाची नाही. पण वासिंद, आसनगाव, आटगाव अशा रेल्वेच्या कडेच्या गावांत आणि मुरबाड शहराच्या आसपास दुसरी एक बाई दिसू लागली आहे. घरची शेती विकली गेली किंवा नवरा कंपनीत लागला, आवणी-लावणीचं काम सुटलं, पाणी नळाने दारात आलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत दहा-बारा किलो चढले आणि त्यानंतर दिवस राहिले. तिला कुणी लठ्ठ म्हणत नाही. ‘चांगली अंगापिंडाची आहे’ असं म्हणतात आणि नोंद करून पुढे जातात. पोटातल्या बाळाला धोका या बाईकडूनही असतो, आणि तो नजरेने दिसत नाही.

म्हणून ही कृती आशाताई, अंगणवाडीताई, नर्सताई यांच्यासाठी आणि गरोदर सुनेच्या किंवा लेकीच्या ताटात काय पडतं हे ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्यांसाठी लिहिली आहे. ती उपचाराची जागा घेणार नाही. औषध, इंजेक्शन, सिझेरियनचा निर्णय डॉक्टरांचाच.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या लक्षात राहतील. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. आईच्या अंगावर चरबी जास्त असली की तिचं इन्सुलिन नीट लागू पडत नाही, रक्तातली साखर चढते आणि ती सगळी बाळाला मिळते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि त्या जोरावर चरबी साठवत वाढतं. डेन्मार्कच्या पेडरसन या डॉक्टरांनी १९५२ साली ही गोष्ट मांडली आणि ती आजही टिकून आहे. असं बाळ जन्मताना मोठं असतं, खांद्याशी अडकू शकतं, सिझेरियनची पाळी येते. आईचा रक्तदाब वाढण्याची, बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा हृदयात जन्मतः व्यंग असण्याची शक्यताही अशा गरोदरपणात जास्त असते. मूल पाच-दहा वर्षांचं झालं की वजन, पुढे रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका इतर मुलांपेक्षा अधिक राहतो. अमेरिकेतल्या पिमा आदिवासी कुटुंबांत एकाच आईच्या मुलांची तुलना केली गेली. आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेल्या मुलापेक्षा त्यानंतर जन्मलेल्या भावंडाला मधुमेह आणि लठ्ठपणा जास्त आढळला. घरातलं रक्त तेच आणि चूल तीच असली तरी गर्भातलं हवापाणी बदललेलं होतं.

लागणारं साहित्य

भरवशाचा वजनकाटा, उंचीची पट्टी, माता-बाल संरक्षण कार्ड, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, ग्लुकोजची ७५ ग्रॅमची पुडी, मोठ्या दंडाला पुरेल असा रुंद पट्टा असलेलं बीपीचं मशीन. आणि घरात स्वयंपाक करणारी बाई, म्हणजे बहुतेक वेळा सासूबाई. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा. एकट्या सुनेला सांगितलेला आहार घरी गेल्यावर टिकत नाही.

पहिली पायरी : बारा आठवड्यांच्या आत वजन आणि उंची

पाळी चुकल्याचं कळताच नाव नोंदवायचं आणि त्याच दिवशी वजन घ्यायचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात घेतलेल्या वजनात बाळ, पाणी, वार, वाढलेलं रक्त सगळं मिसळलेलं असतं, त्यावरून आईचा अंदाज येत नाही. नोंदणी उशिरा झाली तर तिला विचारा : लग्नात, मागच्या बाळंतपणानंतर, दवाखान्यात शेवटचं वजन किती होतं? जुनं कार्ड असेल तर काढून बघा.

काट्याकडे लक्ष द्या, कारण चूक इथेच होते. सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला काटा एका बाजूला दबतो आणि किलो-दोन किलोचा फरक दाखवतो. खाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा सपाट फळी ठेवा. रिकाम्या काट्यावर शून्य येतं का बघा, मग १० किलो तांदळाची सीलबंद पिशवी ठेवून आकडा तपासा. चप्पल, मोबाईल, हातातली पिशवी, कडेवरचं मूल बाजूला. दर महिन्याला तोच काटा आणि शक्यतो तीच वेळ.

उंची भिंतीला टेकून मोजायची. टाचा, पाठ, डोकं भिंतीला लागलेलं हवं, अंबाडा सोडलेला हवा, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी दाबून धरा आणि भिंतीवर खूण करा. दोन सेंटिमीटरची चूकही पुढचा हिशेब फिरवते. उंची १४० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर वजन काहीही असो, ती जोखमीची गरोदर बाई समजून कार्डावर तसं ठळक लिहा.

दुसरी पायरी : उंचीच्या मानाने वजन

वजनाच्या किलोंना मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, म्हणजे बीएमआय येतो. आपल्याकडच्या माणसांत कमी वजनालाही पोटाची चरबी जास्त असते, म्हणून भारतीय डॉक्टरांनी मर्यादा खाली आणली आहे : १८.५ च्या खाली रोड, २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. गणित नको असेल त्यांनी हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. उंची १४५ सेंटिमीटर असेल तर ३९ किलोच्या आत रोड, ४८ पासून जास्त, ५३ पासून लठ्ठ. १५० ला ४२, ५२ आणि ५६. १५५ ला ४४, ५५ आणि ६०. आपल्या भागातल्या बहुतेक बाया याच उंचीत बसतात.

आता १५० सेंटिमीटरची, ५८ किलोची बाई डोळ्यांपुढे आणा. अशी बाई रस्त्याने गेली तर कुणी वळून बघणार नाही. हिशेबाने मात्र ती लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे आहे. अशाच बाया आपल्या हातून सुटतात.

हे असं का, याचं उत्तर माळशेज घाटाच्या पलीकडे पुणे जिल्ह्यातच शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या बायांची गरोदरपणापासून नोंद ठेवली. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचे हातपाय आणि स्नायू बारीक असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे आपली लहानखुरी बाळंही आतून चरबी घेऊन जन्मतात. अशी लहान जन्मलेली मुलगी मोठेपणी वजनाने चढली की मधुमेहाकडे लवकर झुकते. पाड्यावर वाढलेली, आसनगावला नांदायला आलेली आणि इथे वजन वाढलेली मुलगी म्हणूनच दुहेरी जोखमीची. तिच्याकडे जास्त लक्ष हवं.

तिसरी पायरी : किती वाढू द्यायचं

आपल्याकडे नऊ ते अकरा किलो वाढ सांगितली जाते, पहिल्या तीन महिन्यांनंतर महिन्याला साधारण दोन किलो. हा आकडा सरसकट सगळ्यांना लावू नका. रोड बाईचं वजन बारा किलो किंवा त्याहून जास्त वाढायला हवं. जास्त वजनाच्या बाईला सात ते साडेअकरा, आणि खूपच लठ्ठ असेल तर पाच ते नऊ किलो पुरतात, असं २००९ सालची अमेरिकी वैद्यक संस्थेची शिफारस सांगते. म्हणजे चौथ्या महिन्यापासून लठ्ठ बाईला महिन्याला किलोभर पुरे.

एका महिन्यात तीन किलोंच्या वर वाढ झाली तर खाण्याला दोष देत बसू नका. रक्तदाब बघा, पायावर-चेहऱ्यावर सूज बघा, लघवी तपासा, साखर तपासा, जुळं आहे का विचारा.

एक गोष्ट पक्की : गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं. बाईला ‘तू जाड आहेस’ म्हणून सगळ्यांसमोर बोलू नका. लाजवलेली बाई पुढच्या महिन्यात तपासणीला येत नाही, आणि न आलेल्या बाईची साखर कुणालाच कळत नाही. वजन तिला एकटीला सांगा, कार्डावर तिच्यासमोर लिहा.

चौथी पायरी : साखरेची तपासणी

ही पायरी कुणाचीही चुकवू नका, रोड बाईचीही नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनाप्रमाणे ती दोनदा होते : पहिल्या भेटीत, आणि ती ठीक निघाली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दोन्हींमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर हवं. उपाशी येण्याची गरज नाही. लांबच्या पाड्यावरून येणाऱ्या बाईला हे आवर्जून सांगा, नाहीतर ती सकाळपासून न जेवता चालत येते.

७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. पाच-दहा मिनिटांत प्यायला द्या आणि घड्याळ बघून वेळ लिहा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी. त्यानंतर झाली तर चालू ठेवा. दोन तास तिला बसवून ठेवा, मधे खाणं नको. दोन तासांनी बोटातून रक्त घ्या. १४० किंवा त्याच्या वर आकडा आला तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. मग दोन आठवडे बेताचा आहार आणि रोज अर्धा तास चालणं, नंतर जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा तपासणी. आकडा १२० च्या खाली आला तर तेच चालू ठेवायचं, १२० किंवा वर राहिला तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनचं नाव काढताच घर घाबरतं. बाळाला वाचवण्यासाठीच ते आहे आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं बंद होतं, हे आधीच सांगून ठेवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची तपासणी असते. साखरेची तपासणी त्या दिवसाला जोडली तर दोन फेऱ्या वाचतात.

पाचवी पायरी : ताट

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हा सल्ला पोट न भरणाऱ्या घरांतून आलेला आहे आणि तिथे तो खरा होता. ज्या घरात तिन्ही वेळा भात, सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट आणि मधे वडापाव आहे, तिथे तो बाळाला अपाय करतो. त्या घरात जेवणाचं प्रमाण दुप्पट करायचं नसतं, ताट बदलायचं असतं.

सुरुवात चहापासून करा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा आणि त्यात बुडवलेली बटर-खारी : एवढ्यातच एका जेवणाएवढी साखर-मैदा जातो, आणि त्यात बाळाच्या उपयोगाचं काही नसतं. शिवाय जेवणाबरोबरचा चहा लोहाच्या गोळीचा फायदा मारतो. चहा दोनदा, साखर अर्धी, आणि जेवण किंवा गोळी यांच्यापासून तास-दीड तास दूर.

भाताचा ढीग अर्ध्यावर आणायचा. उरलेल्या जागी नाचणीची भाकरी. नाचणी, वरी आपल्याच वरकस जमिनीवर पिकते आणि विकून तांदूळ-गहू घेतला जातो, हा उलटा व्यवहार थांबवता आला तर फार बरं. ताटाचा पाव भाग वाल, मूग, हरभरा, मटकी किंवा अंडं-मासळीचा. बाजारात मिळणारं सुकट, जवळा, बोंबील ही स्वस्त आणि ताकदीची गोष्ट आहे. फक्त मीठ धुऊन काढा आणि तेलात तळू नका. अर्धं ताट भाजीचं : पावसाळ्यात कुरडू, टाकळा, करटोली, इतर दिवसांत माठ, शेवग्याचा पाला. जेवणात खुरासणीची चटणी चमचाभर.

दूध, दही, ताक, अंडी, मासे हवेतच, आणि त्याचं कारण पुन्हा पुण्याच्या अभ्यासात आहे. तिथल्या बहुतेक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांची मुलं सहाव्या वर्षी अंगाने जास्त चरबीची आणि इन्सुलिन नीट लागू न पडणारी आढळली, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची असा मुळीच नाही. ती पाठीच्या कण्याच्या व्यंगापासून वाचवते. गोळीसोबत बी-१२ असलेलं अन्न पोटात गेलं पाहिजे, एवढाच अर्थ.

उपवास सोडा. संकष्टीला, नवरात्रात दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्ला तर साखर एकदम चढते. देवाला गरोदर बाईचा उपास नको असतो, हे घरातल्या मोठ्या बाईच्या तोंडून आलं तर पटकन पटतं. म्हणूनच सासूबाईंना सोबत बसवा म्हटलं.

अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गरोदर बायांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची ठरावीक गावं या क्षेत्रात येतात. वजन जास्त आहे म्हणून कुणाचं हे जेवण बंद करू नका. त्यात डाळ, भाजी, अंडं असतं, घरच्या भाताच्या ढिगापेक्षा ते कितीतरी चांगलं. मात्र ते घरच्या जेवणाच्या जागी खायचं, वर नाही. रोड बाईने ते वरून खायचं.

चालणं आणि विश्रांती

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चालणं, जेवणानंतर दहा-दहा मिनिटं तीनदा केलं तरी चालतं. बोलता येईल इतपत वेगाने. ही सूचना बसून काम करणाऱ्या बाईला. वीटभट्टीवर किंवा शेतात राबणारीला दुपारी दोन तास आडवं होऊ द्या, हीच तिची सूचना.

बाळंतपणाची जागा आधी ठरवा

लठ्ठ गरोदर बाईला १८ ते २० आठवड्यांत सोनोग्राफी हवीच. त्यात व्यंग दिसू शकतं. बीपी घेताना नेहमीचा पट्टा जाड दंडाला अपुरा पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून रुंद पट्टा. खरा आकडा १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

साखर वाढलेली, बाळ मोठं किंवा बीपी चढलेलं असेल तर बाळंतपण उपकेंद्रात नको. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय इथे सिझेरियनची आणि बाळाच्या डॉक्टरांची सोय त्या आठवड्यात आहे का, हे नवव्या महिन्याआधी विचारून ठेवा. नसेल तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा ठाणे. कळा सुरू झाल्यावर कसाऱ्याहून किंवा माळशेजच्या पायथ्याहून निघणं म्हणजे उशीर. आठवडाभर आधी जवळ येऊन राहायचं. १०२ आणि १०८ हे नंबर कार्डाच्या पाठीवर लिहा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबासोबत कार्ड गेलंच पाहिजे आणि तिकडच्या अंगणवाडीला कळवलं पाहिजे.

पहिला तास, पहिले सहा महिने

नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात असतं. त्यामुळे मधुमेही आईच्या बाळाची साखर पहिल्या काही तासांत घसरू शकते. बाळ सुस्त, थरथरतं, दूध न ओढणारं दिसलं तर लगेच सांगा. दिसलं नाही तरी टाचेतून साखर तपासायला लावा. तासाभरात छातीला लावणं हा पहिला उपाय. मध, साखरपाणी नको.

लठ्ठ आईला आणि सिझेरियन झालेल्या आईला दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो. ‘हिला दूधच नाही’ म्हणून पावडरचा डबा आणला जातो तो याच दिवशी. डबा आणू नका, बाळाला वरचेवर, रात्रीसुद्धा, अंगाला लावा, नर्सताईंना बसून धरायला मदत करू द्या. अंगावरचं दूध बाळाला पुढच्या लठ्ठपणापासून काही प्रमाणात वाचवतं आणि आईचं वजन उतरवायला मदत करतं. बाळंतिणीला डिंकाचे, मेथीचे लाडू प्रेमाने दिले जातात. लठ्ठ बाळंतिणीला दिवसाला एक छोटा पुरे, तूप-गूळ बेताने. अळीव, भाजी, डाळ, अंडं मोकळ्या हाताने.

मुलाची रेषा पाच वर्षं

अंगणवाडीच्या वाढीच्या तक्त्यावर आपण खाली घसरणारी रेषा बघायला शिकलो आहोत. आता वरच्या बाजूलाही बघा. वजन एकट्याने काही सांगत नाही, उंचीच्या मानाने वजन बघायचं. रेषा दोन-तीन महिने लागोपाठ वरच्या पट्ट्याकडे उसळत असेल तर बाटली, बिस्किट, पाच रुपयांचं पाकीट किती जातं ते विचारा. ते बंद झालं की बहुतेक वेळा पुरतं. मुलाला उपाशी ठेवायचं नाही. लहान जन्मलेल्या बाळाला पटकन गुटगुटीत करण्याची घाईही नको. त्याची उंची आणि वजन सोबत वाढू द्या. सुदृढ बालक स्पर्धेत सगळ्यात जड बाळाला बक्षीस देण्याची पद्धत जिथे असेल तिथे ती बंद करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या खेपेच्या आधी

गरोदरपणात कितीही काळजी घेतली तरी वाढ थोडीफारच आवरता येते. खरा फरक पडतो तो दिवस राहण्याच्या आधी वजन उतरलं तर. म्हणून सहा आठवड्यांनी बाळाच्या लसीला येताना आईचीही साखर तपासा आणि नंतर दर वर्षी. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी वापरून तीन वर्षांचं अंतर ठेवा. त्या तीन वर्षांत पाच-सहा किलो उतरले तरी पुढच्या बाळासाठी ती मोठी गोष्ट आहे. पुढचं मूल हवं असं ठरलं की आधीच्या तीन महिन्यांपासून फोलिक ॲसिड सुरू, किती ताकदीची ते डॉक्टरांना विचारून. बीएमआय २५ च्या वर असलेल्या प्रत्येक बाळंतिणीचं नाव वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि दर तीन महिन्यांनी, मूल अंगणवाडीत वजनाला आलं की, तिलाही त्याच काट्यावर उभी करा.